विंगेतला माइक

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी बायको गेली. सकाळी ती कामावर जायला निघाली, गाडीपर्यंत पोचली आणि खाली बसली. शेजाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला सांगितलं. मी मुलीला फोन केला. ती तिकडे वॉशिंग्टन राज्यात शिकते. दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली.

बायकोचा आवाज माझ्याकडे पुष्कळ आहे. फोनमध्ये तिचे निरोप आहेत. येताना कोथिंबीर आण. डेंटिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल केली आहे. ट्रेन उशिरा आहे, तू जेवून घे. पहिल्या महिन्यात मी ते निरोप रोज ऐकत असे. पण तो बोलण्याचा आवाज होता. गाण्याचा एकही नव्हता. स्वयंपाक करताना ती गुणगुणायची, आणि कोणी फोन समोर धरला की लगेच गप्प व्हायची. "भाजीत मीठ पडायचं राहील," म्हणायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी आली तेव्हा आम्ही कपाटं आवरायला घेतली. एका दुपारी आईची शाल घडी करता करता ती म्हणाली, "बाबा, सगळे मला सांगतात आई काय गायची. आय मीन, मला तिचं गुणगुणणं माहितेय. पण प्रॉपर गाताना मी तिला कधी ऐकलंच नाही. रेकॉर्डिंग नाहीये का कुठे?"

"आहे," मी म्हणालो. "पण त्यात चेहरा दुसऱ्याच बाईचा आहे."

मग मला बसून सगळं सांगावं लागलं. ते सांगायचं तर मला आमच्या पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागते.

आम्ही तेव्हा एडिसनमध्ये एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी पदार्थविज्ञानाचं संशोधन अर्धवट सोडून ग्रंथालयशास्त्राकडे वळलो होतो आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात तालिकाकार, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणारा, म्हणून लागलो होतो. बायको एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असे. खाली अमेरिकन घरमालकीणबाई राहायच्या. एकट्याच होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, आणि जुन्या हॉलीवूड संगीतपटांच्या वेड्या. रविवारी दुपारी त्यांचा टीव्ही इतका मोठ्याने लागायचा की गाणी जिन्यातून वर यायची. एकदा बायको चिवड्याचा डबा घेऊन खाली गेली आणि तासाभराने परत येऊन मला म्हणाली, "चल, पुढच्या रविवारी आपल्याला आमंत्रण आहे."

अशी आमच्या रविवारांची सुरुवात झाली. जाडजूड पडदे, कार्पेटवर मांजर, आणि पडद्यावर जिन्यांवरून नाचत उतरणारी माणसं. पहिला सिनेमा संपला तशी बायको पुढे सरकून बसली. श्रेयनामावली वर सरकत होती. ती शेवटपर्यंत वाचून तिने मला विचारलं, "गायलं कोण पण?"

मलाही नाव दिसलं नव्हतं. तुम्ही आमच्याकडे वाढला असाल तर ह्यात काही विचित्र वाटणार नाही. रेडिओवर गाणं लागायच्या आधी निवेदक गायिकेचं नाव सांगायचा. पडद्यावर कोण आहे ते मागाहून कोणीतरी सांगायचं, किंवा सांगायचंही नाही. चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा हे आम्हाला लहानपणापासून इतकं ठाऊक होतं की ते कोणी शिकवल्याचंही आठवत नाही.

घरमालकीणबाईंना प्रश्नच कळला नाही. "कोण म्हणजे? तीच गायली," त्या म्हणाल्या.

"नट्या गात नसतात," बायको म्हणाली. इंग्रजीतच बोलली, पण ठसका पुरता मराठी होता.

"हनी, मी हा सिनेमा आला तेव्हा शाळेत होते. थिएटरमध्ये बसून बघितलाय मी."

"थिएटरमध्ये होतात ना. तिच्या गळ्यात थोड्याच होतात?"

बाई दुखावल्या. त्या दिवशी आम्हाला दुसरा चहा मिळाला नाही. पण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच जिन्यातून हाक मारली. कारण आता त्यांनाही बघायचं होतं.

बायकोची पद्धत प्रयोगशाळेतली होती. आधी गाणं आवाज बंद करून बघायचं. मग डोळे मिटून फक्त ऐकायचं. मग दोन्ही एकत्र. ती ओठांकडे बघतच नसे. ओठ सगळ्यांनाच हलवता येतात, म्हणायची. ती गळ्याकडे बघायची, कॉलरबोनच्या वरच्या खळगीकडे. लांबलचक ओळ म्हणायच्या आधी माणूस श्वास घेतो, तेव्हा ती खळगी हलते. आणि बोलण्यातून गाण्यात शिरतानाचा जो एक क्षण असतो, तो ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायची. "हे बघ, इथपर्यंत ही स्वतः. आणि इथून पुढे खोली बदलली."

खोली बदलली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर वाचताना कळलं. गाणं आधीच ध्वनिमुद्रित होत असे, बंद स्टुडिओत, वाद्यवृंदाबरोबर. चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्या भोंग्यांवर लावत आणि नटी त्याबरोबर ओठ हलवत असे. बोलणं मात्र सेटवरचं असे. दोन्ही जोडताना भोवतालची हवा बदले. बायकोला ती हवा ऐकू यायची.

आमची चूकही झाली. आम्ही गृहीत धरून चाललो होतो की सगळ्याच नट्या ओठ हलवतात. त्यामुळे जिने खरोखर स्वतः गायलं होतं, अशा एका बिचारीवरही आम्ही अनेक रविवार आळ घेतला. शेवटी मी ग्रंथालयातून पुस्तक आणलं तेव्हा तिचं निर्दोषत्व सिद्ध झालं. घरमालकीणबाईंनी त्या दिवशी केक केला. पण त्याच पुस्तकात त्यांच्या सगळ्यांत लाडक्या नटीबद्दल उलटं लिहिलेलं होतं. ज्या गाण्यावर त्या स्वतःच्या लग्नात नाचल्या होत्या, ते तिने गायलेलं नव्हतं. एका दुसऱ्याच बाईने गायलं होतं, आणि याबद्दल बाहेर बोलायचं नाही असं तिला बजावलेलं होतं. अशा गायकांना हॉलीवूडमध्ये भूतं म्हणत.

बाईंनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "त्या गाणाऱ्या मुलीने तो सिनेमा बघितला असेल का? तिकीट काढून?"

हा प्रश्न बायकोच्या डोक्यात बसला. वर येताना जिन्यातच ती थांबली. "म्हणजे बघ, ती थिएटरमध्ये बसलीय. पडद्यावर दुसरी. आवाज हिचा. आणि शेजारची बाई नवऱ्याला सांगतेय, काय गाते ना ही. हिने काय करायचं? हो म्हणायचं?"

"मग काय करणार?"

"कसं वाटत असेल पण?"

मी कामावर असताना मोकळ्या वेळात ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचलेलं मी घरी येऊन सांगायचो आणि ती भाकरी भाजता भाजता प्रश्न विचारायची. काही ठिकाणी अख्खं गाणं दुसरीचं असे, काही ठिकाणी फक्त वरचे सूर. नटीचा आवाज जिथे पोचत नसे, तेवढ्याच दोनचार सुरांना दुसरीचा गळा लावायचा आणि सांधा असा घासायचा की कोणाला कळू नये. कधी गाणारी बाई नटीच्या शेजारी बसून तिचे उच्चार, तिची बोलण्याची लकब, ती कुठे थांबते हे सगळं उचलायची, म्हणजे स्वतःच्या आवाजात नाही, तर त्या नटीला गाता आलं असतं तर ती जशी गायली असती तसं ती गायची. आणि कधी नटीने स्वतः सगळी गाणी मेहनतीने म्हणून ठेवलेली असायची. ती वापरणार असं तिला वाटत असायचं. मग तिला कळायचं की वापरली नाहीत.

"हे सगळ्यांत वाईट," बायको म्हणाली. "गाणारीपेक्षा हिचं वाईट."

आमच्या मराठी मंडळाने एका वर्षी गणपतीत संगीत नाटक करायचं ठरवलं. नाटक आमच्यातल्याच एका काकांनी लिहिलं होतं आणि दिग्दर्शनही तेच करणार होते. नायिकेचं काम बायकोच्या मैत्रिणीकडे आलं. ही मैत्रीण नागपूरची, ओक ट्री रोडजवळ राहणारी, बोलायला तिखट. अभिनय असा करायची की तालमीला आलेली मुलंसुद्धा खेळायची थांबायची. पण सूर नव्हता. तिलाही ते माहीत होतं. नाटकात तिला तीन पदं होती. पहिलं पद तिने तालमीत म्हटलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "छान. आता हे गद्यात कसं बसवता येईल ते बघू."

"काका, गद्यातसुद्धा बेसूर म्हणून दाखवते," मैत्रीण म्हणाली.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, "मी विंगेतून गाते. ही ओठ हलवेल."

सगळ्यांना बरं वाटलं. बायको स्टेजवर कधीच उभी राहायची नाही. समोर चेहरे दिसले की तिचा सूर लागायचा नाही. विंगेत तो प्रश्न नव्हता. काका कार्यक्रमपत्रिकेत पार्श्वगायन म्हणून तिचं नाव घालायला निघाले. आपल्याकडची रीतच ती. पण तिने नको म्हटलं.

"अहो, नाव कसं नको?" काका म्हणाले. "लोक म्हणतील आम्ही फसवलं."

"म्हणू देत ना. मला बघायचंय कोणाला कळतं का."

मला कारण माहीत होतं. तिला त्या तिकीट काढून बसलेल्या बाईच्या जागी बसून बघायचं होतं.

दोघींनी महिनाभर तालीम केली. आमच्या दिवाणखान्यात मैत्रीण समोर उभी आणि बायको तिच्या पाठीशी. बायको तिला श्वास शिकवायची. ओठ मागे पडले तर चालेल, पण श्वास माझ्याबरोबर घे. आणि गाताना ती मैत्रिणीचा आवाज उचलायची. तिचा तो थोडा नाकातला, थोडा भांडकुदळ स्वर तिने गाण्यात आणला. तो इतका हुबेहूब होता की एकदा मी आतल्या खोलीतून चुकीच्या बाईला चहा विचारला.

प्रयोग एका हायस्कूलच्या सभागृहात झाला. मैत्रिणीच्या नवऱ्याने साउंड सांभाळला. आमची मुलगी चार वर्षांची होती आणि पहिल्या अंकातच माझ्या मांडीवर झोपली. घरमालकीणबाईंनाही आम्ही नेलं होतं. त्या हिरवा कोट घालून, पाठ न टेकता, एक अक्षर न कळता पूर्ण नाटक बघत बसल्या. प्रत्येक पदाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या पदाला वन्स मोअर आला, आणि मैत्रिणीने पदर सावरून तो मोठ्या रुबाबात घेतला.

नंतर लॉबीत बटाटेवडे खाताना एक काकू बायकोला म्हणाल्या, "काय गायली हो ती. अभिनय आणि गळा दोन्ही देवाने एकाच ठिकाणी दिलंय."

"हो ना," बायको म्हणाली.

कोणालाही कळलं नव्हतं. परत येताना गाडीत घरमालकीणबाई पुढच्या सीटवर होत्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "दुसरी कोण होती?"

बायको मागे झोपलेल्या मुलीला घेऊन बसली होती. तिला हसू आवरेना.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"वन्स मोअरला ती श्वास घ्यायला विसरली," बाई म्हणाल्या. "खळगी हललीच नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, कसं वाटलं. ती साडीच्या पिना काढत होती. "मजा आली," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा नाही करणार." का, ते तिने सांगितलं नाही. मीही तेव्हा विचारलं नाही, कारण तिला सांगायचं असतं तेव्हा ती न विचारता सांगायची. तिने पुन्हा केलं नाही खरंच. नाटकाची व्हिडिओ सगळीकडे वाटली गेली. मैत्रीण गाणारी म्हणून प्रसिद्ध झाली आणि पुढची कित्येक वर्षं हळदीकुंकवांत घसा बसल्याचं सांगत राहिली. दोघी ह्यावर एकमेकींना टोमणे मारत आणि हसत. बाहेर मात्र कोणी काही बोललं नाही. सुरुवातीला तो खेळ होता, मग ती सवय झाली.

हे सगळं मी मुलीला सांगितलं आणि व्हिडिओ लावली. तिने ती पूर्ण बघितली. मग पुन्हा डोळे मिटून ऐकली. हार्मोनियम मोठी होती, तबला त्याहून मोठा, मधे कोणाचं तरी बाळ रडत होतं. आणि आवाज मैत्रिणीचा वाटत होता, कारण तो तसा वाटावा म्हणूनच बायकोने मेहनत घेतली होती.

"मला मावशीच दिसतेय," मुलगी म्हणाली. "आय नो की आई आहे. पण बाबा, ह्यात आई कुठे आहे?"

तिने व्हिडिओ बंद केली. दोन दिवसांनी ती परत गेली. तिला तिची आई गाताना ऐकायची होती, आणि जे होतं त्यात तिला ती सापडत नव्हती. त्यानंतर मला दुसरं काही सुचेना.

मी पुन्हा वाचायला लागलो. बायको गेल्यापासून मी तो विषय बाजूला ठेवला होता. आता कामावरून आल्यावर जुन्या टिपणांसारखं ते सगळं नव्याने वाचू लागलो, पण ह्या वेळी मी वेगळं काहीतरी शोधत होतो. आवाज आणि चेहरा जोडतात कसे ते नव्हे, तर जोडलेलं सुटं करता येतं का ते. एके ठिकाणी मला वाचायला मिळालं की स्टुडिओत गाणाऱ्याचा आवाज आणि वाद्यवृंद वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्यांवर घेतलेले असत आणि नंतर एकत्र केले जात. सिनेमा बाहेर जाई, पण सुट्या पट्ट्या कधीकधी खोक्यांत पडून राहत. अनेक वर्षांनी कोणीतरी ती खोकी उघडली, आणि ज्या नटीची गाणी टाकून दिली होती तिचा स्वतःचा आवाज त्यात निघाला. थोडा कापरा, पण तिचाच.

मी पुस्तक मिटलं आणि मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन केला.

"नाटकाच्या वेळी तू साउंड घेतलास तेव्हा विंगेतला माइक वेगळा रेकॉर्ड झाला होता का?"

"झाला असणार. सगळे माइक वेगवेगळे जात होते रेकॉर्डरवर. अरे, पण बेसमेंटमध्ये इतकी खोकी आहेत यार. बघतो. मिळेल मिळेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त एकदा हिला विचारतो हं."

त्याने तसं का म्हटलं ते मला कळत होतं. त्याची आई त्यांच्याकडेच राहते. सुनेच्या गाण्याची व्हिडिओ प्रत्येक पाहुण्याला दाखवल्याशिवाय त्या त्याला जाऊ देत नाहीत. माझ्या मुलीला तो आवाज मिळणार तर तो कोणाचा हे एडिसनभर होणार, हे उघड होतं.

त्याच आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. तरुण मुलगा, पुण्याचा, एका बँकेत आयटीचं काम करतो.

"काका, दिवाळीच्या कार्यक्रमात पहिली पंधरा मिनिटं काकूंच्या स्मृतीसाठी ठेवतोय. काकूंना गाण्याची केवढी आवड. तर त्या जुन्या नाटकातलं पद आम्ही परत म्हणवून घेतोय. काकूंच्या मैत्रीणच गायल्या होत्या ना त्यात? मी व्हिडिओ बघितली. कमाल आवाज आहे त्यांचा."

"त्यांना विचारलंत का?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, घसा बसलाय. मी म्हटलं, मावशी, अजून पाच आठवडे आहेत."

शनिवारी मैत्रीण स्वतःच आली. भाजीचा डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"भावोजी, आता मला घशाच्या डॉक्टरकडे नेतील हे लोक."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"तिच्यासाठी सभा, आणि तिचं गाणं माझ्याकडून म्हणवून घेतायत," ती म्हणाली. "ती असती तर पोट धरून हसली असती."

"हो. आणि तुम्हाला म्हणाली असती, आता निस्तर."

"तेच." मग तिने फोन काढून टेबलावर ठेवला. "ट्रॅक सापडला. मी ऐकला कालच. तो तुमचा आहे, आत्ता मागितलात तर आत्ता पाठवते. पण पोरीला तो द्यायचा तर नाव सांगूनच द्यायचा. चोरून नाही. आणि मग सासूबाईंना बाहेरून कळायच्या आधी मला सांगावं लागेल. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या."

मी हो म्हणालो. मुलीला मी कळवलं की आवाज सापडला आहे, दिवाळीला ये. काय आहे त्यात, असं तिने विचारलं. मला माहीत नाही, असं मी लिहिलं. आणि ते खरं होतं. मधल्या आठवड्यांत मी विचार करत राहिलो की बायकोला हे आवडलं असतं का. नाव नको हे तिचंच म्हणणं होतं. पण तिला बघायचं होतं की कोणाला कळतं का. कधीच कळू नये, असं ती म्हणाली नव्हती. हॉलीवूडमधल्या त्या भूतांपैकी काहींनीही म्हातारपणी बोलायला सुरुवात केली. त्या वाचनात मला कडवटपणा सापडेल असं वाटलं होतं. बहुतेक जणी नुसतं सांगत होत्या, ते गाणं माझं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. फराळाचा वास येत होता. मुलगी माझ्या शेजारी बसली. नाटकवाले काका आता काठी घेऊन चालतात, ते पहिल्या रांगेत होते, त्यांच्या पलीकडे मैत्रिणीच्या सासूबाई. सेक्रेटरीने बायकोबद्दल चार शब्द सांगितले, ते चांगले होते, आणि मग मैत्रिणीला बोलावलं.

ती माइकसमोर उभी राहिली. पेटी वाजवणाऱ्याने सूर दिला. आणि तिने पद म्हणायला सुरुवात केली, स्वतःच्या गळ्याने. पहिली ओळ पट्टीच्या खूप खालून निघाली आणि वाटेत कुठेतरी भलतीकडे वळली. पेटीवाला तिला गाठायला दोनदा पट्टी बदलून बघत होता. मागच्या रांगेतली मुलं हसली, त्यांना कोणीतरी गप्प केलं. तिने ओळ पूर्ण केली. मगच थांबली.

"हा माझा आवाज," ती म्हणाली. "घसा बसलेला नाही. असाच आहे. नाटकात मी गायले नव्हते. जिच्यासाठी आज आपण जमलोय, ती विंगेत उभी राहून गायली होती. नाव नको म्हणाली होती. तिला मजा बघायची होती. काकांना माहीत आहे."

काकांनी बसल्या जागेवरून काठी वर केली. सभागृहात कुजबुज झाली आणि थांबली. मैत्रिणीने नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याने ट्रॅक लावला.

हार्मोनियम फार लांबून ऐकू येत होती, भिंतीपलीकडे असावी तशी. आधी एक श्वास ऐकू आला. मग आवाज. मैत्रिणीचा स्वर उचललेला होता खरा, पण वाद्यं बाजूला झाल्यावर त्याखालचा बायकोचा आवाज स्वच्छ कळत होता, वरच्या सुराला थोडा पातळ होणारा. मुलीने माझा हात धरला. पहिलं कडवं संपलं. मधे वाद्यं वाजत असताना माइकमध्ये बायको हळू आवाजात बोलत होती. "आता वळ. पदर. हां. हस थोडी, बाई. श्वास घे, श्वास घे, अजून वेळ आहे." आणि मग तोच श्वास स्वतः घेऊन ती दुसऱ्या कडव्यात शिरली.

"ही आई," मुलगी म्हणाली.

नंतर लॉबीत तिने मैत्रिणीला विचारलं, "मावशी, आई सांगायची ते तुला स्टेजवर ऐकू यायचं?"

"छे गं. मी एवढी लांब. आणि लोकांपर्यंत तो माइक फक्त गाण्यापुरता उघडायचा. रेकॉर्ड सगळं होत होतं, ते आम्हालाही आत्ता कळलं. ती आपली बोलत असायची."

"मग कशाला बोलायची?"

मी त्याचा अजून विचार करतो.

तेवढ्यात सासूबाई चकलीची प्लेट घेऊन आल्या. सुनेने त्यांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. "रोज आरतीला तुझा सूर ऐकते ना मी," त्या म्हणाल्या.

"मग पाहुण्यांना व्हिडिओ का दाखवत होतात?"

"अभिनय तुझाच आहे ना. तो दाखवत होते."

मुलगी दुसऱ्या दिवशी परत गेली. विमानतळावर गाडीतून उतरेपर्यंत तिच्या कानात इअरफोन होते.

आता आमच्याकडे बायकोची तीन पदं आहेत, एक प्रत मुलीकडे आणि एक माझ्याकडे. तिसऱ्या पदाचं शेवटचं कडवं त्यात नाही. रेकॉर्डर त्याआधीच थांबला होता.